निखाऱ्याखालची जाळी: एक वादसंवाद

भिंतीत बांधलेली आणि धुरांड्याला जोडलेली विटांची शेकोटी, म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतील घरांत आढळणारी फायरप्लेस, बहुधा घरासोबत आयतीच मिळते. तिचा आकार किंवा धुरांड्याची उंची बदलायची तर गवंडी लावून मोठा खर्च करावा लागतो, त्यामुळे घरमालकाच्या हाती प्रत्यक्षात एकच निवड उरते, आणि ती म्हणजे जिच्यावर लाकडे किंवा दगडी कोळसा रचायचा त्या लोखंडी जाळीची. ही निवड बहुतेक वेळा नक्षी आणि किंमत पाहून उरकली जाते. वास्तविक विस्तवाला हवा कोणत्या बाजूने मिळावी हे जाळीच ठरवते, आणि खोली किती तापते, सरपण किती लागते व घरात धूर किती होतो या तिन्ही गोष्टी त्या हवेवर अवलंबून असतात. एवढ्या महत्त्वाच्या वस्तूची निवड शोभेवर सोडून देणे योग्य नाही.

प्रस्तुत विवेचनासाठी शास्त्रग्रंथांतील जुनी रीत सोयीची आहे. तीत प्रचलित मत मांडणाऱ्यास पूर्वपक्षी आणि त्या मताचे परीक्षण करून उत्तर देणाऱ्यास उत्तरपक्षी म्हणतात. येथील पूर्वपक्षाचे म्हणणे असे, की उंच पायांची, जाड गजांची जाळी प्रत्येक शेकोटीला हवीच. उत्तरपक्षाचे म्हणणे असे, की ज्या घरात लाकूड जाळले जाते तेथे जाळी शक्य तितकी ठेंगणी असावी, किंवा नसली तरी चालावे. चर्चा हवेत राहू नये म्हणून दोघांनी एक शेकोटी समोर धरली आहे: तिचे तोंड ९० सेंटिमीटर रुंद, मागची भिंत ६५ सेंटिमीटर रुंद आणि आतली खोली ५० सेंटिमीटर.

पूर्वपक्षी प्रारंभ करतो: "ज्वलनाला हवा लागते, ही गोष्ट वादातीत आहे. फरशीवर आडव्या टाकलेल्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला हवा मिळत नाही, म्हणून तो धुमसतो, काळा पडतो आणि खोलीत धूर करतो. तोच ओंडका जाळीवर ठेवून दहा सेंटिमीटर वर उचलला, की खालून हवेचा झोत शिरतो, ज्वाळा काही मिनिटांत धरते आणि राख गजांमधून खाली पडून विस्तव मोकळा राहतो. ज्याला रोज संध्याकाळी शेकोटी पेटवायची आहे, त्याला यापेक्षा वेगळे काय हवे असणार?"

"विस्तव लवकर पेटावा हे ठीक," उत्तरपक्षी म्हणतो, "परंतु शेकोटी पेटवण्यासाठी पेटवत नाहीत, शेकण्यासाठी पेटवतात, आणि या दोन हेतूंत अंतर आहे. लाकूड दोन टप्प्यांत जळते. तापू लागलेल्या लाकडाचा फार मोठा भाग, कोरड्या वजनाच्या सुमारे चार-पंचमांश, ज्वलनशील वायूंच्या रूपाने बाहेर पडतो, आणि हे वायू जळताना जे दिसते ती ज्वाळा. उरतो तो कोळसा, म्हणजेच निखारा. उघड्या शेकोटीत ज्वाळेने तापलेले वायू धुरांड्याच्या ओढीने थेट वर निघून जातात आणि जाताना खोलीतील ऊबदार हवाही सोबत नेतात. खोलीला जे मिळते ते मुख्यतः प्रारण, म्हणजे मधली हवा न तापवता प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत येणारी धग. ही धग ज्वाळेपेक्षा रसरशीत निखाऱ्यांतून आणि तापलेल्या विटांतून अधिक येते. म्हणून जी जाळी ज्वाळा वाढवते आणि निखारा लवकर संपवते, ती लाकूड भराभर खाते आणि त्यातील बरीचशी उष्णता धुरांड्याला देऊन टाकते."

पूर्वपक्षी हा मुद्दा सहज सोडत नाही, आणि त्याचा पुढील आक्षेप या संपूर्ण वादातील सर्वांत बळकट आक्षेप आहे. तो म्हणतो: "आपण प्रारणाचा आधार घेतलात, तेव्हा प्रारणाचा नियमही मान्य करावा. तापलेल्या पृष्ठभागातून निघणारी धग त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. निरपेक्ष तापमान म्हणजे शून्याखाली २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेले तापमान. या हिशेबाने ७०० अंशांवरचा निखारा ९०० अंशांवर गेला, तर त्याची धग दुपटीहून थोडी अधिक होते. निखाऱ्याला खालून हवा दिली की तो अधिक तापतो, हे लोहाराचा भाता पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मग खालची हवा शेकणाऱ्याच्या विरुद्ध कशी गेली?"

"भात्याचे उदाहरण योग्य आहे," उत्तरपक्षी मान्य करतो, "पण लोहाराला लोखंडाचा तुकडा थोडा वेळ तापवायचा असतो, आणि त्यासाठी तो कोळसा खर्ची घालायला तयार असतो. शेकोटीपुढे बसणाऱ्याला तीन-चार तास सारखी धग हवी असते. शिवाय धग किती निघते एवढाच प्रश्न नसून ती कोणत्या दिशेने निघते हाही प्रश्न आहे. उंच जाळीवरच्या निखाऱ्याची सर्वांत तप्त बाजू बहुधा खालची असते, कारण हवा तिथून येते, आणि ती बाजू फरशीकडे पाहत असते, माणसाकडे नव्हे. निखारा लहान झाला की गजांमधून खाली पडतो आणि तेथे एकटा पडून विझतो, कारण निखारा टिकतो तो शेजारच्या निखाऱ्याच्या सोबतीने. त्याउलट दोन-तीन सेंटिमीटर राखेच्या थरावर निखाऱ्यांची रास असेल, तर राख उष्णतेची मंदवाहक असल्याने खालून उष्णता निसटत नाही, आणि राशीचा तप्त पृष्ठभाग खोलीच्या बाजूला राहतो."

दिशेचा हा मुद्दा निव्वळ तर्काचा नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन येथे राहणारे भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स क्रॅनबर्ग यांनी १९७० च्या दशकात जी जाळी तयार केली, ती याच विचारावर आधारलेली होती. तिच्या मागच्या अंगाला दोन उभे दांडे असतात आणि त्यांवर वर-खाली सरकवता येणारे हात बसवलेले असतात. मोठा ओंडका मागे ठेवायचा, दुसरा त्या हातांवर वरच्या बाजूस अधांतरी ठेवायचा, आणि बारीक लाकडे पुढे खालच्या बाजूस रचायची. मध्ये जी आडवी फट उरते तिच्या आतल्या बाजू एकमेकींना तापवीत राहतात आणि भट्टीच्या तोंडासारखी ती फट खोलीच्या दिशेने धग ओतते. म्हणजे पूर्वपक्षी म्हणतो ते उच्च तापमान येथे साधते, परंतु ते खालच्या हवेने नव्हे, तर लाकडांच्या रचनेने. या उदाहरणाचा लाभ दोन्ही पक्षांना होतो, कारण क्रॅनबर्ग यांची वस्तूही अखेर जाळीच आहे. मात्र दुकानांत मिळणाऱ्या बहुसंख्य जाळ्या या तत्त्वापासून दूर आहेत, हेही खरे.

उत्तरपक्षी आता चर्चा मराठी स्वयंपाकघराकडे वळवतो. "लाकडावर चालणाऱ्या आपल्या मातीच्या चुलीला जाळी नसते; सरपणाची टोके चुलीच्या तळावर, मागल्या राखेवर टेकतात आणि लाकूड जळेल तसे आत सारले जाते. लोणारी कोळशावर चालणाऱ्या शेगडीला मात्र जाळी असतेच, आणि खाली हवेसाठी तोंडही असते. पिढ्यान्‌पिढ्या विस्तव हाताळणाऱ्यांनी इंधन पाहूनच हा भेद केला. लाकडातून निघालेला वायू वर आणि बाजूंनी हवा घेऊन जळतो. कोळशातून असा वायू फारसा निघत नसल्याने हवा त्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचवावी लागते, आणि खच्चून भरलेल्या कोळशाच्या आत ती खालूनच पोहोचू शकते. घरातील जाळीचा प्रश्नही येथेच सुटतो: आधी इंधन ठरवावे, मग जाळी."

"परंतु त्याच चुलीच्या धुराने घरोघरच्या स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे खराब झाली, हे आपण विसरता," पूर्वपक्षी उत्तर देतो, आणि त्याच्या या उत्तरात तथ्य आहे. "सुधारित चुलींवर ज्यांनी काम केले, त्यांत पुण्याची आरती ही संस्थाही आली, त्यांनी हवेचा मार्ग सुधारण्यावरच भर दिला आणि अनेक सुधारित चुलींत लाकडाखाली जाळी बसवली गेली. खालून हवा मिळाली की धूर कमी होतो आणि लाकूडही कमी लागते. चुलीला जे लागू पडते ते शेकोटीला का लागू पडू नये?"

उत्तरपक्षी येथे दोन गोष्टी वेगळ्या काढतो. "चुलीत उष्णता भांड्याच्या बुडाला द्यायची असते, आणि भांडे ज्वाळेच्या बरोबर वर असते, म्हणून तेथे तेज, स्वच्छ ज्वाळा हेच साध्य होय. उघड्या शेकोटीत ज्वाळेच्या वर भांडे नसून धुरांडे असते. धुराविषयीचा आक्षेप मात्र स्वीकारला पाहिजे. ओले लाकूड राखेवर ठेवले तर ते जाळीवरच्यापेक्षा अधिक धुमसते. त्यावर खरा उपाय लाकूड वाळवण्याचा आहे: फोडून, आडोशाला, वाऱ्यात निदान एक उन्हाळा ठेवून त्यातील ओल वीस टक्क्यांच्या खाली आणणे. ओल्या लाकडाची उणीव जाळीने झाकली तर ओल धुरांड्यात काजळी व डांबर होऊन बसते आणि पुढे धुरांड्यालाच आग लागण्याचा धोका उत्पन्न होतो."

हा वाद नवा नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेले आणि पुढे बव्हेरियात काउंट रम्फर्ड झालेले बेंजामिन थॉम्पसन यांनी १७९६ मध्ये लंडनमध्ये शेकोटीवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी शेकोटी उथळ केली, बाजूच्या भिंती मागच्या भिंतीशी सुमारे १३५ अंशांचा कोन करतील अशा तिरक्या केल्या आणि धुरांड्याचा गळा, म्हणजे धूर जेथून वर शिरतो ती फट, चार इंचांपर्यंत अरुंद केली. जाळीच्या संदर्भात त्यांचे अधिक मोलाचे म्हणणे असे, की शेकोटीच्या भिंतींसाठी लोखंड हे सर्वांत वाईट द्रव्य असून वीट आणि अग्निसह दगड हे सर्वांत चांगले, कारण वीट स्वतः तापून धग परत खोलीत टाकते. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी, १८८० च्या दशकात, लीड्स येथील शल्यचिकित्सक टी. प्रिजिन टील यांनी याच दिशेने एक पाऊल पुढे टाकले. इंग्लंडातील घरांत तेव्हा दगडी कोळसा जळत असे आणि जाळी अपरिहार्य होती. टील यांनी जाळी काढली नाही, तर जाळीखालच्या मोकळ्या जागेचे पुढचे तोंड लोखंडी पत्र्याने बंद केले. खालून येणारा थंड झोत थांबला, जाळीखालची पोकळी स्वतःच तापली, आणि कोळसा हळूहळू, पण अखेरपर्यंत पूर्ण जळू लागला. एका वैद्याने पत्र्याच्या एका तुकड्याने साधलेली ही बचत या विषयाच्या इतिहासातील फार सुंदर गोष्ट आहे. नव्या जाळीवर पैसे घालण्याआधी प्रत्येक घरमालकाने ती जाणून घ्यावी.

"टील यांचा प्रयोग कोळशाचा होता," पूर्वपक्षी लक्ष वेधतो, "आणि त्यांनी जाळी कायम ठेवली, हे आपणच सांगितलेत."

"होय; म्हणूनच कोळसा जाळायचा असेल तर जाळीवाचून गत्यंतर नाही, हे या पक्षाला मान्य आहे," उत्तरपक्षी म्हणतो. "मात्र कोळसा जाळावा का, हा आधीचा प्रश्न आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर जे विषारी धुके पसरले त्यात हजारो माणसे दगावली, आणि त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. धूरनियंत्रित क्षेत्रांत साधा कोळसा आणि उघड्या शेकोटीतील लाकूड दोन्हींवर निर्बंध आले. इंग्लंडात २०२१ पासून साध्या घरगुती कोळशाची आणि ओल्या लाकडाच्या छोट्या गठ्ठ्यांची विक्रीही टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. अशा क्षेत्रात राहणाऱ्याने जाळीच्या दुकानात जाण्यापूर्वी स्थानिक नियम पाहावेत. परवानगी असलेले धूररहित इंधन कठीण असते आणि उशिरा पेटते, त्याला जवळजवळ बसवलेल्या गजांची खोलगट जाळी लागते. लाकडाची उघडी, विरळ जाळी तेथे उपयोगी पडत नाही."

यापुढे चर्चा द्रव्याकडे वळते आणि येथे दोन्ही पक्षांत मतभेद थोडा आहे. बाजारात जाळी मुख्यतः दोन प्रकारची मिळते: बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, आणि पोलादी गज वाकवून व वितळजोड देऊन केलेली. बिडात कर्बाचे प्रमाण दोन ते चार टक्के असते, त्यामुळे ते साच्यात छान ओतता येते आणि नक्षी सुबक उमटते. पण ते ठिसूळ असते. तापलेल्या बिडावर ओला ओंडका आपटला किंवा पाण्याचा शिडकावा झाला, तर ते तडकते. शिवाय वारंवार लाल होईपर्यंत तापवलेले बीड आतून बदलत जाऊन हळूहळू फुगते, आणि एकसंध ओतलेल्या जाळीत त्या फुगण्याचा ताण गजांच्या सांध्यांवर येतो. पोलाद तडकत नाही, पण साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास त्याचे बळ निम्म्यावर येते आणि ओंडक्यांच्या वजनाखाली गज मधोमध खाली झुकू लागतात. पृष्ठभागावरून काळ्या खपल्याही निघत राहतात. यावर उपाय जाडीचा. अर्ध्या इंचाचा गज रोजच्या वापरात काही हिवाळ्यांतच वाकतो, पाऊण इंचाचा बराच अधिक टिकतो. जस्ताचा मुलामा दिलेले कोणतेही लोखंड येथे वापरू नये, कारण विस्तवात जस्ताची वाफ होते आणि तिचा धूर श्वासात गेला की ताप भरतो.

जाळी लवकर खराब होण्याचे एक कारण मात्र द्रव्यात नसून वापरात असते, आणि त्यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. राख गजांना टेकेपर्यंत साचू दिली, की खालच्या बाजूने गजांना गार ठेवणारी हवा बंद होते, गज वर-खाली दोन्हीकडून निखाऱ्यात गाडले जातात आणि वाकतात. म्हणून जाळी वापरणाऱ्याने राखेचा पातळ थर ठेवून वरची राख नियमित काढावी. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात घराबाहेर ठेवावी, कारण तिच्यात दडलेला निखारा दोन-तीन दिवसही धगधगत राहू शकतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांत, जेथे हिवाळ्यातली शेकोटी आणि पावसाळ्यातली ओल या दोन्ही गोष्टी एकाच घराच्या वाट्याला येतात, तेथे मृग लागण्यापूर्वी सगळी राख काढून जाळी कोरडी पुसून ठेवणे आवश्यक ठरते. राखेतील क्षार हवेतील ओल धरून ठेवतात आणि ती ओल लोखंडाला चिकटून राहते.

पूर्वपक्षी मापाचा प्रश्न काढतो: "समोरच्या शेकोटीला जाळी घ्यायचीच ठरली, तर केवढी घ्यावी? दुकानदार तोंडाचे माप विचारतो आणि जवळपास तेवढीच जाळी देतो."

"तीच चूक सर्रास होते," उत्तरपक्षी सांगतो. "शेकोटी मागे अरुंद होत जाते, म्हणून तोंडाचे एकच माप पुरत नाही, पुढची रुंदी, मागची रुंदी आणि आतली खोली अशी तिन्ही मापे घ्यावीत. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटिमीटर, मागे पाच आणि पुढे दहा सेंटिमीटर जागा मोकळी ठेवली, तर या शेकोटीत जाळी पुढे सुमारे ६५ ते ७०, मागे सुमारे ५० आणि आत ३५ सेंटिमीटर येते. त्यापेक्षा मोठी जाळी घेतली तर माणूस ती भरतो, विस्तव शेकोटीला न झेपण्याइतका मोठा होतो आणि धूर खोलीत येतो. पाय दहा सेंटिमीटरांऐवजी पाच-सहा सेंटिमीटरांचे असावेत. विस्तव जितका खाली तितकी पायांना ऊब अधिक आणि धुरांड्याच्या गळ्यापासून तो दूर. गज मागे उतरते असावेत, म्हणजे जळत आलेला ओंडका स्वतःहून मागच्या विटांकडे सरकतो, पुढे घरंगळत नाही."

पूर्वपक्षी समाधान मानत नाही. "आपण जाळी ठेंगणी करता करता ती जवळजवळ राखेतच बसवलीत. मग ती घ्यायचीच कशाला?"

"ज्याला विस्तवाजवळ बसून तो राखायचा आहे, त्याने खरोखरच घेऊ नये," उत्तरपक्षी म्हणतो. "दोन लोखंडी घोड्या, म्हणजे ओंडके पुढे घरंगळू नयेत म्हणून आडव्या दांडीला पुढे उभा खांब दिलेले आधार, मागे विटांची नीट भिंत, आणि खाली राख, युरोपातील लाकूड जाळणाऱ्या घरांत जाळीपूर्वी शतकानुशतके हेच होते. परंतु जेथे घरातील माणसे कामात असतात, संध्याकाळी तासाभरासाठी विस्तव हवा असतो, आणि लाकूड कधी पुरते वाळलेले नसते, तेथे ठेंगणी जाळी उपकारक आहे, कारण ती रचनेतल्या चुका सांभाळून घेते."

पूर्वपक्षाचा शेवटचा मुद्दा रात्रीचा आहे आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. "राखेखाली झाकलेला निखारा सकाळपर्यंत टिकतो, हे राखेच्या पक्षाचे भूषण मानले जाते. पण मंद जळणारा निखारा कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला विषारी वायू सोडतो. ऊब निघून जाऊ नये म्हणून कोणी निजण्यापूर्वी धुरांड्याची झडप लावली, तर तो वायू खोलीत साठतो. जाळीवरचा विस्तव निदान लवकर संपतो."

"या धोक्यावर जाळीची निवड हे उत्तर नव्हे," उत्तरपक्षी म्हणतो, "कारण जाळीवरही निखारे तासन्‌तास राहतात आणि विस्तव विझला असे वाटून लोक झडप लावतात. निखारा पूर्ण विझेपर्यंत झडप उघडीच राहिली पाहिजे, निजायच्या खोलीत त्या वायूची सूचना देणारे यंत्र असले पाहिजे, आणि धुरांडे वर्षातून एकदा झाडून घेतले पाहिजे. त्यामुळे रात्रभर काही ऊब वर निघून जाईल, ती जाऊ द्यावी."

पूर्वपक्षी हे मान्य करतो, परंतु राखेत निखारा झाकून ठेवण्याच्या रीतीला त्याची संमती नाही; ज्या घरात लहान मुले आहेत तेथे निजण्यापूर्वी निखारे पसरून विझू द्यावेत, आणि त्यासाठी ते उचलून बाहेर काढता येईल अशा जाळीवर असणेच बरे, असे त्याचे मत कायम राहते.